हातेम मास्तरांच्या जनाज्यातलं भाषण

मोतालेब तालुकदार तीन पक्षांतून चार निवडणुका लढला आणि एकच जिंकला. पण बांगलादेशातल्या सुनामगंजच्या त्या भागातला एकही जनाजा त्याने कधी चुकवला नाही. नमाजाआधी मेलेल्याच्या वतीने कुणीतरी माफी मागायची, हा तिथला रिवाज. तेवढ्यासाठी दोन मिनिटं माईक हाती लागतो. फुकटची सभा! तालुकदार स्वतःच म्हणायचा, "माझं राजकारण मेलेल्यांच्या जिवावर जगलंय."

आज मात्र हातेम मास्तर गेले होते. तरुणपणी दोघे तुरुंगाच्या एका कोठडीत, एका ताटात भात जेवले. पुढे मास्तरांचा उमेदवारी अर्ज द्यायला म्हणून हा गेला, आणि तो खिशातच ठेवून स्वतःचा भरून आला. जिंकलेली निवडणूक ती हीच. बावीस वर्षं मास्तर त्याच्याशी बोलले नाहीत. माफी मागायला तो दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेला, आणि हजारांपुढे घडाघडा बोलणारा हा बहाद्दर कडी न वाजवताच परतला.

मैदानात मास्तरांचा मुलगा जुबायेर माईकपाशी उभा होता. तालुकदार पुढे सरसावला. जुबायेरने हात पुढे केला, "चाचा, जरा..." तोवर माईक याच्या हातात.

"भाइयों, माफी मास्तरांनी नाही, मी मागायची! मी त्यांचा घात केला..." आणि तो खरंच हमसून रडला.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "निवडणूक लागली वाटतं."

"या खेपेला चिन्ह काय रे, कांदा?"

मागच्या रांगेत आपण असतो, तर या अश्रूंवर आपलाही विश्वास बसला नसता, हे तालुकदाराला पटलं.

दफन झाल्यावर जुबायेर जवळ आला. "चाचा, अब्बांनी तुम्हाला माफ केलं होतं. फक्त एक अट घातली होती."

"कसली?"

"म्हणाले, मोतालेब येईलच. एकदा तरी त्याला नुसता रांगेत उभा राहू दे. तेवढं केलं, तर माझ्या मनात काही नाही म्हणून सांग. मी थांबवत होतो तुम्हाला."

"मग आता?"

"आता मी काय सांगू, चाचा? तुम्ही पंधरा मिनिटं बोललात."

कबरीवर तीन मुठी माती टाकून तालुकदार शेवटच्या रांगेत जाऊन उभा राहिला. आता गप्प बसून काही उपयोग नव्हता, हे त्याला कळत होतं. तरी दुआ संपेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.