गाण्याआधीचं बोलणं

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. हातात धरायचा नव्हे, चांगला कपाटाएवढा. वेल्समधल्या एका डोंगरी गावातलं चर्च ओस पडलं, बाकं निघाली आणि तिथे स्टुडिओ आला, तेव्हा चौघांनी मला उचलून आत आणलं. त्या उंच छताखाली आवाज असा घुमायचा की खाणकामगारांचे गायनवृंद लांबून लांबून यायचे. चाळीस वर्षं राबलो. टेप जिथे घासते ती माझी तोंडं रोज स्पिरिटने पुसली जायची.

आता कसलं काय! महिन्यातून एकदा पाहुणे स्टुडिओ बघायला येतात, मला टेकून फोटो काढतात, उगाच बटणं दाबतात. वीट आलाय नुसता.

मागे अशाच एका घोळक्यात एलुनेड आली. सत्तरी उलटलेली. तिने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. आत एक टेप. तिचा नवरा इद्वल तरुणपणी इथे गायला होता. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली, आणि त्याच्या आवाजाची दुसरी कसलीच खूण तिच्याकडे नव्हती.

"चिकट झालीय ही, काकू," स्टुडिओ सांभाळणारा गेथिन म्हणाला. "आधी मंद आचेवर भाजावी लागेल. मग एकदा वाजेल, पुढचं देव जाणे."

"भाजायची? अरे, केक आहे का तो?"

"केकपेक्षा नाजूक आहे. पुढच्या महिन्यात या."

ती आली. त्या दिवशीही पाहुणे खोळंबलेले, म्हणून गेथिनने मला न पुसताच टेप चढवली. गाणं संगणकात उतरवून घ्यायचं होतं. गाण्याआधीची खाकरणी, बडबड घ्यायची नाही, ही या धंद्यातली जुनी सवय. टेप फिरू लागली, पण गेथिन रेकॉर्डिंगच्या बटणावर नुसतं बोट ठेवून थांबला.

"थांबा रे जरा," टेपमधून इद्वल बोलला. "बाहेर एलुनेड थंडीत उभी आहे, जाम चिडली असणार. पण ती समोर असली की मला सूरच सापडत नाही हो!" टेपमधले सगळे हसले. मग गाणं सुरू झालं, आणि गेथिनने बटण दाबलं.

"उतरलं बघा, काकू! अगदी स्वच्छ!"

"छान गायचा रे," एलुनेड डोळे पुसत म्हणाली. "पण ते आधीचं लाव ना परत. मला आत का घेतलं नाही म्हणून मी चार दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. त्यानेही कधी सांगितलं नाही, मेल्याने."

गेथिनचा चेहरा उतरला. "ते... ते मी घेतलंच नाही, काकू."

त्याने टेप मागे फिरवून लावली. नुसती खरखर. ज्यात आवाज असतो तो टेपचा वरचा तपकिरी थर माझ्या मळक्या तोंडाने खरवडून काढला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

एलुनेड रागावली नाही. तिने रुमालाने माझ्या तोंडावरची तपकिरी पूड टिपली, रुमालाची घडी घातली आणि जपून पर्समध्ये ठेवली.

मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्यांना अधूनमधून पुसत जा. आणि घरचं माणूस नुसतं बोलत असलं, तरी बटण दाबा. गाण्याची वाट बघू नका.