बाबांचा जबाब

घरात तिला ठमी म्हणत. कॉलेजात हे कुणालाच ठाऊक नव्हतं आणि कुणाला कळू नये अशीच तिची इच्छा होती. बाकी ती कशालाच घाबरत नव्हती. पहिल्या वर्षाला प्रवेश घेऊन होस्टेलवर राहायला आली तेव्हा जगात काय बरोबर आणि काय चूक, हे सगळं तिला आधीच पाठ होतं. बाबा सांगायचे आणि तिला ते पटायचं, इतकं सोपं होतं ते.

समाजशास्त्राच्या तासाला पहिल्याच आठवड्यात कारखान्यांतल्या अपघातांचा विषय निघाला. कुणी मालकांना नावं ठेवली, कुणी सरकारला. ठमीने हात वर केला.

"माझे बाबा पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर आहेत. आधी सुपरवायझर होते. वीस वर्षं हेच बघतायत. ते म्हणतात, दहातले नऊ अपघात कामगारांच्या हलगर्जीपणामुळे होतात. मशीन काही कुणाच्या अंगावर धावून जात नाही."

वर्गात हशा पिकला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी वादही घातला नाही. तास संपताना मात्र त्यांनी सगळ्यांना एक काम दिलं. "ज्याच्याशी एरवी तुम्ही दोन मिनिटंही बोलणार नाही, अशा एका माणसाशी बोला. कामाबद्दल विचारा. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून आणा. तुमची मतं नकोत मला, ती मी ऐकली आहेत."

ठमीला ते झोंबलं. पण हुशार मुलगी होती, काम चोख करून दाखवायचं तिने ठरवलं. लायब्ररीच्या मागे एक लांबट खोली होती. तिथे फाटक्या पुस्तकांची बांधणी करणाऱ्या एक मावशी बसत. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, मधली तीन बोटं नाहीत. मुलंमुली तो हात दिसला की नजर दुसरीकडे वळवत. ठमीही तेच करत आली होती.

"बोलेन की," मावशी म्हणाल्या. "पण काम थांबवता येणार नाही. तू असं कर, हे पुस्तक दोन्ही हातांनी दाबून धर. एरवी मी गुडघ्यात धरते."

ठमीने पुस्तक दाबून धरलं. मावशी डाव्या हाताने सुई चालवत होत्या, उजव्या तळव्याने कागद सारखे करत होत्या. खोलीत खळीचा आंबूस वास होता. मग एकदम, जणू कालचीच गोष्ट सांगावी तशा सुरू झाल्या.

"मी कटिंगला होते. वरून पातं येतं आणि पुठ्ठा कापतं. पात्यापुढे लोखंडी जाळी असते, हात आत जाऊ नये म्हणून. पण जाळी दर वेळी उचलायची, पुठ्ठा सरकवायचा, परत खाली करायची, यात वेळ जातो. ऑर्डर मोठी आली की वरून हुकूम यायचा, जाळ्या काढा. आम्ही काढायचो. नाही म्हणायची सोय नव्हती. एक दिवस पुठ्ठा अडकला. मी ओढायला गेले."

त्यांनी दोरा दातांनी तोडला.

"सुपरवायझरनेच मला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यापर्यंत माझा हात स्वतःच्या शर्टात गुंडाळून घट्ट धरून बसला होता. रडत होता. मी नाही, तो! खोटं कशाला सांगू, माणूस वाईट नव्हता. पंधरा दिवसांनी चौकशी झाली. त्यात त्याने जबाब दिला की जाळी लावलेली होती, बाईने आपल्या मनाने काढली. खाली सही केली. झालं. चूक माझी ठरली, कामही गेलं. गाव सोडलं मी. त्याला आता अकरा वर्षं झाली."

"कुठला कारखाना?" ठमीने विचारलं. वहीत लिहायला हवं म्हणून विचारलं, दुसरं काही मनात नव्हतं.

"इथून तासाभरावर. नदीच्या पलीकडे, पुठ्ठ्याचा."

नदीच्या पलीकडे पुठ्ठ्याचा एकच कारखाना होता. आणि अकरा वर्षांपूर्वी त्यात कटिंगला एकच सुपरवायझर होता. ठमीच्या हातातलं पुस्तक सैल पडलं.

"नीट धर गं," मावशी म्हणाल्या. "शिलाई वाकडी जाते."

तिने नीट धरलं. पुस्तक पूर्ण होईपर्यंत धरून बसली. सुपरवायझरचं नाव मात्र तिने विचारलं नाही.

शनिवारी ती घरी गेली. बाबा नेहमीप्रमाणे बसस्टॉपवर उभे होते. त्यांनी बॅग घेतली, वाटेत दोघातिघांनी नमस्कार केला, बाबांनी मान डोलावली. लहानपणापासून या नमस्कारांनी तिची छाती फुलायची. आज तिला वाटलं, यांतल्या किती जणांना माहीत असेल?

संध्याकाळी बाबा आठवड्याच्या शर्टांना इस्त्री करत होते. हे काम ते कुणाला करू देत नसत. ठमी समोर बसली.

"बाबा, कटिंगवर एका बाईची बोटं गेली होती ना? तेव्हा जाळी होती का मशीनला?"

इस्त्री थांबली. मग परत चालू लागली. "कोण भेटलं तुला?"

"होती का नव्हती?"

"ठमे, तू तेव्हा सात वर्षांची होतीस. तुला काय कळणार त्यातलं?"

"आता अठराची आहे. आता सांगा."

बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. "नव्हती. मीच काढायला सांगितली होती, मला वरून सांगितलं होतं. मालकांनी टाइप केलेला कागद पुढे ठेवला. म्हणाले, सही करा, नाहीतर कारखाना बंद पडेल आणि दोनशे माणसं घरी बसतील. तुझी आई आजारी, तू एवढीशी. काय करणार होतो मी?"

"दोनशेतल्या एकीला घरी बसवलंत."

"बोलणं सोपं असतं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता आणि त्याचंच तिला जास्त वाईट वाटलं. ओरडले असते तर भांडता आलं असतं.

ती स्वयंपाकघरात गेली. आई भांडी विसळत होती, पाठमोरी. तिने सगळं ऐकलं होतं.

"तुला माहीत होतं?"

"शर्ट मीच धुतला होता," आई म्हणाली. "तीन पाण्यांतून काढला, डाग जाईना. शेवटी फाडून फरशी पुसायला घेतला." मग नळ बंद करून म्हणाली, "ते त्यानंतर वर्षभर धड जेवले नाहीत. एवढं तरी लक्षात ठेव त्यांच्या बाजूचं."

ठमीने ते लक्षात ठेवलं. पण त्याचं करायचं काय, हे तिला उमगेना. मावशींच्या दुःखातून बाबांचं दुःख वजा करता येत नव्हतं आणि उलटंही करता येत नव्हतं.

आठवडाभरात तिने सगळं लिहून काढलं, मावशींच्या शब्दांत. शेवटी स्वतःच्या चार ओळी घातल्या की जबाब देणारा सुपरवायझर म्हणजे माझे वडील. वर्गात वाचण्याआधी ती वही घेऊन बांधणीच्या खोलीत गेली. मावशींनी सगळं वाचलं, शेवटच्या ओळींवर थांबल्या नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"लायब्ररीचं कार्ड बनवायला आली होतीस ना, ती कार्डं मीच चिकटवते. तेव्हाच आडनाव वाचलं. आणि नाक तर तेच आहे."

"मग मला का सांगितलंत?"

"तू विचारलंस म्हणून. इतक्या वर्षांत कुणी बसून विचारलं नव्हतं."

"मी बाबांना घेऊन येऊ? ते येतील. माफी मागतील."

"नको," मावशी पटकन म्हणाल्या. "अजिबात नको. तो येणार, रडणार, मग मीच त्याला पाणी देणार. त्याचं ओझं हलकं होईल, माझी बोटं काही उगवणार नाहीत." त्यांनी वही तिच्या हातात परत दिली. "वाच तू वर्गात. खरं आहे ते. पण बाळ, यानंतर इथे येऊ नकोस. तू चांगली आहेस गं. पण तू समोर बसलीस की मला तो दिसतो, आणि मला दिवसभर इथेच बसायचं असतं."

ती "बरं" म्हणाली आणि निघाली. आपण मन मोकळं केलं की समोरचाही जवळ घेईल, असं तिने गृहीत धरलं होतं. तसं होत नसतं, हे तिला त्या दारातून बाहेर पडताना कळलं.

वर्गात तिने वाचलं. आवाज दोनदा फाटला. या वेळी कुणी हसलं नाही. मॅडमनी वही घेतली, तिच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि पुढच्या मुलाला बोलावलं. नंतर कँटीनमध्ये एक मैत्रीण म्हणाली, "काय जबरदस्त झालं गं तुझं! मला असलं काही मिळालंच नाही." ठमीने चहा तसाच टाकला.

पुढच्या शनिवारी बसस्टॉपवर कुणी नव्हतं. वर्गात काय वाचलं ते तिने आईला फोनवर सांगितलं होतं. जेवताना बाबांनी विचारलं, "माझं नाव लिहिलंस?"

"नाही. 'माझे वडील' असं लिहिलं."

"म्हणजे नावच लिहिलंस की," बाबा म्हणाले आणि ताटावरून उठले.

सकाळी कारखाना चालू होता. मोठी ऑर्डर होती, म्हणून रविवारीही पाळी लावली होती. ठमी उठून ते मशीन बघायला थेट तिकडे गेली. गेटवरचा रखवालदार तिला लहानपणापासून ओळखत होता, त्याने अडवलं नाही. कटिंगच्या शेडमध्ये ती कधीच आली नव्हती. ओळीने तीन मशीन धडधडत होती आणि तिन्हींच्या जाळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या होत्या. पहिल्या मशीनवर आईच्या वयाची एक बाई पुठ्ठे सरकवत होती. पातं पडायचं, हात मागे यायचा. परत पातं, परत हात. ठमीला ते बघवेना आणि नजरही काढता येईना. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आपण ऐकली असं ती समजत होती. ती तर अजून संपलेलीच नव्हती.

बाबा ऑफिसातून धावत आले. "इथे काय करतेस? घरी जा."

ती हलली नाही. नुसती त्या हाताकडे बघत उभी राहिली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मशीनकडे. त्यांनी जाऊन बटण दाबलं. मशीन थांबलं. भिंतीजवळची एक जाळी उचलून आणली आणि स्वतः स्क्रू पिळायला बसले. एक स्क्रू दोनदा खाली पडला. चार स्क्रूंतले तीनच सापडले.

"साहेब, माझा आजचा आकडा भरणार नाही," ती बाई वैतागून म्हणाली. "त्याचं कोण बघणार?"

"मी बघतो," बाबा म्हणाले.

बाईने ठमीकडे पाहिलं ते रागाने. आभार मानावेत असं तिच्या दृष्टीने काहीच घडलं नव्हतं. ठमी निघाली. बाबा तिच्यामागे आले नाहीत.

त्यापुढच्या शनिवारीही ती एकटीच बसमधून उतरून घरी आली. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. तिने विचारलं, "जाळी आहे?"

"आहे," ते वर न बघता म्हणाले.

आजवर बाबांनी सांगितलेलं तिने कधी पडताळून पाहिलं नव्हतं. तसा विचारही कधी मनाला शिवला नव्हता. ती थोडा वेळ दारात उभी राहिली. मग काढलेल्या चपला तिने परत पायात घातल्या. आतून आईने विचारलं, "आत्ता आलीस ना, कुठे निघालीस?" तिने उत्तर दिलं नाही. ती कारखान्यात गेली आणि शेडच्या दाराशी उभी राहून तिने पाहिलं.

पहिल्या मशीनला जाळी होती, तीन स्क्रूंवर. बाकी दोन्हींना नव्हती.