दाराबाहेरची प्रार्थना

साथीत प्रार्थनास्थळं बंद झाली, तेव्हा माझ्या मोठ्या दिरांनी घरातच रोज संध्याकाळी प्रार्थना सुरू केली. मी इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी धुते, म्हणून मला दाराबाहेर व्हरांड्यात बसवलं. तेही मी तिथून अंघोळ करून, कपडे बदलून येत असताना. मी महिनाभर मुकाट्याने बसले.

त्या दिवशी भाऊजी डोळे मिटून म्हणाले, "देवा, रुग्णांची सेवा करणाऱ्यांना बळ दे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भाऊजी, त्यांतलीच एक इथे बाहेर बसलीय. तिला आधी आत तरी घ्या!"

"अगं, काळजीपोटीच हे…"

"काळजी? सकाळी मास्क हनुवटीला अडकवून कोपऱ्यावरच्या दुकानात तासभर गप्पा कोण हाणत होतं?"

तेवढ्यात सासूबाई उठल्या आणि आपली खुर्ची फरफटत अंगणात घेऊन आल्या.

"सगळे बाहेर या, लांब लांब बसा. आज प्रार्थना मी सांगणार."

सगळे आले. शेवटी भाऊजीही आले. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "देवा, हिचे हात सोलवटलेत. त्यांना जप. आणि आम्हाला लाज दे."

माझा राग काही गेला नाही. पण इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिथे सगळ्यांसमोर फुटलं, आणि छाती हलकी झाली. आता आम्ही रोज अंगणातच बसतो.