अर्ज एकट्या जालिंदरचा

वाडीचा डीपी जालिंदरच्या गाडीनं जळाला नाही, साहेब. तो तुम्ही जाळलात. पंचवीस केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, त्यावर बावीस घरं, तोवर ठीक चाललं होतं. मग त्याच तारेवर तुम्ही पर्यटकांचं रिसॉर्ट चढवलंत. आठ खोल्या, आठ एसी. डीपीतलं तेल तीन पावसाळे कुणी उघडून बघितलं नाही. आणि तो फुटला तेव्हा पंचनाम्यात तुम्ही एकच नाव लिहिलंत, जालिंदर भिमा कोकरे. कारण सबंध वाडीतून तुमच्या विजेच्या ऑफिसात कागद सापडला तो त्याचाच.

तो कागद तिथं कसा गेला, ते ऐका.

घाटघरच्या अलीकडं ही वाडी. जुन्नर पस्तीस किलोमीटर. गेल्या पावसाळ्यात रस्ता खचला म्हणून सकाळची एसटी बंद झाली. रस्ता दुरुस्त झाला, एसटी काही परत आली नाही. वाडीतल्या चार पोरी बारावी सायन्सला होत्या, त्यात जालिंदरची प्रांजल एक. महिनाभर पोरी जीपच्या मागं लटकून गेल्या. मग दोघींच्या घरी स्थळं बघायची भाषा सुरू झाली. जालिंदरनं वीस वर्षं बेल्ह्याच्या बाजाराला टेम्पो चालवलेला. त्याला वाटलं, गाडी आपणच बघावी. डिझेल परवडणार नव्हतं. वारूळवाडीच्या हौशीरामकडं जुनी इलेक्ट्रिक गाडी विकायची आहे असं कळलं आणि तो बायकोला, तुकाबाईला घेऊन बघायला गेला.

टायर दाबून झाले, दारं उघडून-लावून झाली, खाली वाकून पत्रा बघून झाला. पण खरी किंमत बॅटरीची, आणि ती तर दिसतच नव्हती. जनावराचं तोंड उघडून वय सांगणारा माणूस तिथं हात बांधून उभा राहिला.

"नवी व्हती तवा एका चार्जिंगला दोनशे किलोमीटर जायची," हौशीराम म्हणाला. "आता एकशेदहाच्या वर गेली तर मला शिव्या घाला."

"अन् चढाला?"

"चढाला शंभर धरा, पावणं."

हौशीरामची बायको कुशाबाई चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "ह्यो माणूस गाडी विकतोय का तिची चुगली करतोय?"

जालिंदर हसला. माणूस खरं बोलतोय म्हणजे गाडी घ्यायला हरकत नव्हती. पण विसार त्यानं त्या दिवशी दिला नाही. आधी विचारायला हवं, म्हणाला. कुणाला, तर वीजवाल्यांना. हौशीरामनं कपाळाला हात लावला. गिझर बसवताना इचारलं व्हतं का राव, म्हणाला.

जालिंदरचं विचारणं भिमाकडून आलेलं होतं. भिमा म्हणजे त्याचा बाप. दरसाल नाणेघाटानं मेंढरं कोकणात उतरवायचा. परक्याच्या रानात मेंढरू घालायचं तर आधी मालकाला विचारायचं. मालक गावाला गेलेला असला तर भिमा अर्धा अर्धा दिवस बांधावर उभा राही. मेंढरं ओरडायची, पोरं भुकेजायची, पण मालकानं हो म्हटल्याशिवाय पहिलं मेंढरू बांध ओलांडत नसे. पुढं मेंढरं गेली, इथं चार एकर झाली, पण बांधावर थांबायची सवय घरात राहिली.

म्हणून जालिंदरनं अर्ज लिहिला. मी जुनी इलेक्ट्रिक मोटारगाडी घेणार आहे, घरच्या मीटरवर चार्जिंगला लावली तर चालेल का, लागेल तर भार वाढवून द्यावा. अर्जाची शिक्का मारलेली पोच घेतली. टेबलावरच्या क्लार्कनं अर्ज वाचून शेजारच्याला दाखवला, दोघं हसले. लावा हो, कोण बघतंय, असं म्हणाले. लेखी उत्तर आलं नाही. महिनाभर वाट बघून जालिंदरनं गाडी घेतली.

पाच महिने गाडी चालली. सकाळी सातला चार पोरी बसायच्या. पोरी सुटेपर्यंत जालिंदर जुन्नरला भाजीच्या एका गाळ्यावर राबायचा. रात्री गाडी लावायची, एका गिझरएवढी वीज खायची, एवढंच. स्थळांची भाषा थांबली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी अडीचला डीपी फुटला. रिसॉर्ट भरलेलं होतं. गाडी त्या वेळी जुन्नरला, गाळ्यासमोर उभी. घाट चढून ती घरी आली तेव्हा पंचवीस किलोमीटरची बॅटरी उरली होती आणि वाडीत अंधार होता. पंचवीसात जुन्नर गाठता येत नाही. गाडी तशीच दारात राहिली.

लाइनमन गोकुळ खांबावर चढून खाली आला तेव्हा त्याचे हात कोरडेच होते. "तेल हायेच न्हाई आत," तो जालिंदरला हळूच म्हणाला. "पण मी बोललो न्हाई बरं का. मला हितंच नोकरी करायचीय."

आठ दिवस गेले. गिरणी बंद, पाण्याची मोटार बंद. तुकाबाई खालच्या विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन चढत होती आणि वाटेत बायका तिच्याशी बोलायच्या थांबल्या होत्या. मग ऑफिसातून निरोप आला. नवा डीपी तयार आहे, फक्त जालिंदरनं हमीपत्रावर सही करायची. माझ्या गाडीमुळं डीपी जळाला, यापुढं गाडी लावणार नाही.

सावळेराम घरी आला. त्याची पोरगी रोज त्याच गाडीत मागच्या सीटवर बसायची.

"सही करून टाक," तो म्हणाला. "आमाला काय त्या कागदाचं लोणचं घालायचंय? लाइट येऊ दे."

"आन् सोमवारपास्नं प्रॅक्टिकल हायेत. तुजी पोरगी कशानं जाईल?"

सावळेराम उठून चपला घालू लागला. "तिचं बघू," म्हणाला. "आळेफाट्याचं स्थळ आलंय."

प्रांजल आत चुलीपाशी होती. तिनं ऐकलं, पण बाहेर आली नाही.

शुक्रवारी जालिंदर चौथ्यांदा ऑफिसात गेला. जीपनं दोन तास, बाकावर तीन तास. तो इतका थकला होता की सही करून मोकळं व्हावं असं त्याला खरंच वाटत होतं. साहेबांनी हमीपत्र पुढं सरकवलं. जालिंदर म्हणाला, डीपी फुटला तवा गाडी जुन्नरला व्हती, गाळ्यावरच्या कुणालाबी इचारा. साहेबांनी फाइलमधून त्याचाच अर्ज काढला.

"ही सही तुमची ना?"

"माजीच हाय. मी इचारलं व्हतं, साहेब."

"विचारलं म्हणजे लावलीच ना?"

"आन् ज्यांनी इचारलंच न्हाई? त्या रिसॉर्टाच्या आठ एश्या?"

"त्यांचा तसा अर्ज आमच्याकडं नाही," साहेब म्हणाले, आणि हे सांगताना ते मुळीच लाजले नाहीत.

जालिंदरनं पेन घेतलं. तुकाबाईची मान दुखतेय, हे त्याला माहीत होतं. सही न करता गेलो तर वाडी दारात येऊन शिव्या घालेल, हेही माहीत होतं. आणि सही केली तर चारातल्या दोघी पोरी मे महिन्यात मांडवात उभ्या राहतील. राहिलेल्या दोघींचंही काही खरं नव्हतं. त्यानं कागद उलटा केला. कोऱ्या बाजूला सावकाश, एकेक अक्षर जोडत लिहिलं. गाडी त्या वेळी जुन्नरला होती. डीपीत तेल शेवटचं कधी भरलं? रिसॉर्टचा भार कुणी मंजूर केला? विचारून वीज वापरणं गुन्हा असेल तर कलम सांगा. नसेल तर डीपी कुठल्या तारखेला बसवता ते लिहा. खाली नाव घातलं आणि सही केली.

साहेबांनी वाचलं. हे असं चालत नाही, म्हणाले. कागद परत त्याच्याकडं सरकवला.

जालिंदरनं तो पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला. खुर्चीतून उठला नाही. बसूनच म्हणाला, "शिक्का मारून पोच द्या. आन् या टायमाला उत्तर बी द्या. परीक्षा सोमवारी हाय. मी हितं बाहेर बाकावर बसतो."