चांगुणाबाईंचे अकरा सेकंद

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. वय विचाराल तर दोनच वर्षं. पण कपाटात एकटं पडलं की दोन वर्षंही फार लांबतात.

थोड्या जागेत पुष्कळ साठवायचं तर खुणा अगदी बारीक कराव्या लागतात, आणि बारीक खुणा आपोआप पुसल्या जायची भीती असते. म्हणून माझ्या तबकडीला एका हट्टी धातूचा थर दिला. थंड असताना तो चुंबकाला दाद देत नाही. मग इवलासा लेसर टिचभर नव्हे, कणभर जागा तापवतो, तेवढ्यात चुंबक खूण करतो आणि जागा लगेच निवते. निवली की खूण पक्की! मला याचा भारी तोरा होता.

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावचे नासेरभाई लग्नांचं शूटिंग करतात. त्यांनी बारा वर्षांची लग्नं माझ्यात भरली आणि जुन्या डिस्क पुसून विकल्या. "अख्खा तालुका हिच्यात बसला," असं ते येईल त्याला सांगत.

त्यात सेनगावच्या करुणाचंही लग्न होतं. तिची आई चांगुणाबाई कॅमेरा दिसताच पदर तोंडाशी धरून हसते आणि म्हणते, "माह्यं काहून काढून राहिला रे भाऊ? पोरीचं काढ!" सगळे मिळून अकरा सेकंद.

मे महिना आला. मी उष्णतेनं लिहिते हे ऐकून नासेरभाईंना वाटलं, उन्हानं सगळं पुसलं जाईल. त्यांनी मला पाण्याच्या कॅनसारखं ओल्या गोणपाटात गुंडाळलं. अहो, माझ्या लेसरपुढे हिंगोलीचं ऊन म्हणजे कोमट पाणी! पण सांगणार कशी? आतल्या तबकड्या बंद डबीत सुरक्षित राहिल्या, बाहेरचं सर्किट मात्र गंजलं.

महिन्याभरानं करुणा आली. आई वारली होती आणि लग्नाचा पेनड्राईव्ह केव्हाच हरवला होता.

"चाचा, आईचा आवाज दुसरीकडं कुठंच न्हाई."

नासेरभाईंनी मला जोडलं. मी सगळा जीव एकवटला, पण तबकडी हलली नाही.

"बेटा, चुकलं माझं. जपायला गेलो अन्..." नासेरभाई माझी वायर काढत म्हणाले.

"फेकू नका तिले," करुणा डोळे पुसत म्हणाली. "आई हाय तिच्यात."

तेव्हापासून मी कपाटात आहे. हैदराबादला सर्किट बदलून मिळतं म्हणे. पण तिथंही नाही म्हणाले तर करुणाला काय सांगू, या भीतीनं नासेरभाई मला पाठवतच नाहीत. रोज कपाट उघडतात, माझ्यावरची धूळ पुसतात आणि पुन्हा लावून घेतात.

मित्रांनो, आपल्या माणसाची आठवण एकाच जागी ठेवू नका. आणि भीतीपोटी कुणाला कपाटात कोंडू नका. माझ्या आत काहीच पुसलेलं नाही. चांगुणाबाई अजून पदर तोंडाशी धरून उभ्या आहेत, आणि ऐकायला पोरगी तेवढी जवळ नाही.