सेतुरामांच्या हातातला कर्णा

मित्रांनो, मी एक जुना पितळी कर्णा आहे आणि सध्या माझी अवस्था फार वाईट आहे. अंगाला पोचे पडले आहेत म्हणून नव्हे. फुटबॉलच्या मैदानावर राहायचे म्हणजे एखादा चेंडू अंगावर येणारच. वाईट याचे वाटते, की मला काही सांगायचे आहे आणि कर्ण्याला स्वतःचा आवाज नसतो. कोणी तोंड लावून बोलले तरच मी बोलतो. म्हणून आज तुम्ही जरा जवळ येऊन ऐका.

माझा जन्म तंजावूरला, राजवाड्यामागच्या गल्लीत झाला. तिथे भांडी घडवणारे एक कारागीर होते. कुणाच्या लग्नाच्या मोठ्या परातीसाठी आणलेल्या पत्र्यातून जो तुकडा उरला, तोच मी. त्यांनी मला वळवले, डाग दिला आणि तोंडाकडची कड दुमडून घासघासून गुळगुळीत केली. "ओरडणाऱ्याचा ओठ कापता कामा नये," असे ते म्हणाले होते. त्यांना सगळे ठाऊक होते म्हणायचे.

मला करवून घेतले तुकोजींनी. त्यांचे सायकलींचे दुकान आहे, आणि राजवाडा संघ नावाचा आमचा फुटबॉल संघ त्या दुकानासमोरच्या बाकांवरून चालतो. संघाला मालक नाही. सामने बघायला येणारी माणसेच सगळे ठरवतात. कागदावर काही नसते. कर्णा ज्याच्या हातात तो मॅनेजर, एवढाच आमचा कायदा. मॅनेजर बदलायचा की नाही यावर बोलणे निघाले, की त्याने मला मांडीवर घेऊन बाकावर बसायचे आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, अशीही रीत आहे. रीत कोणी पाडली कोण जाणे. ज्याने पाडली त्याला त्या बाकावर कधी बसावे लागले नसणार.

तुकोजींनी मला आपल्या मित्राच्या, सेतुरामांच्या हातात दिले. सेतुराम तेव्हा पोस्टात होते आणि त्यांचे केस काळे होते. मैदान जुन्या किल्ल्याच्या खंदकाला लागून आहे. तिथे कडेला उभे राहून ते माझ्यातून मराठीत ओरडत. तंजावूरच्या या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरे आहेत. समोरचे संघ मात्र तमिळ बोलणारे. त्यांना ओ की ठो कळत नसे. "मागें" म्हटले की आमची मुले मागे सरत. "झांका" म्हटले की ज्याचा त्याचा माणूस झाकत, म्हणजे समोरच्या गड्याला चिकटून अडवत. आणि सगळ्यांत मोठा शब्द होता "उगे राहा", म्हणजे जागचे हलू नका. आमची बचावफळी जागच्या जागी थांबे, समोरचा गडी एकटाच पुढे पळत सुटे आणि ऑफसाइडमध्ये सापडे. पंचाची शिट्टी वाजली की गडी मागे वळून बघे. कुणाकडे रागवावे हेच त्याला कळत नसे.

एकदा पापनाशमच्या संघाने भारी डोके चालवले. त्यांच्या बाजारात सांगलीकडून आलेला एक सोने आटवणारा होता. मराठी माणूस म्हणून त्याला त्यांनी खुर्ची देऊन बसवले. तो बिचारा अख्खा सामना कान टवकारून होता. शेवटी म्हणाला, "भाषा आमचीच आहे हो, पण माझ्या पणजोबांना बोलवा. मला निम्मीच कळते." त्या दिवशी आम्ही जिंकलो, आणि तिरुवैयारूपर्यंत माझे नाव झाले. तुकोजी मला चिंचेने घासत. मी सोन्यासारखा चमकत असे. सेतुरामांची पत्नी गेली, मुलगी चेन्नईला राहायला गेली, तरी ते रोज मैदानावर येत. घरी बोलायला कोणी उरले नव्हते. दिवसभराचे सगळे बोलणे माझ्यातूनच बाहेर पडे.

आणि मग आम्ही हरू लागलो.

जुने गडी जाऊन नवी मुले आली होती. आधी एखादा सामना, मग लागोपाठ. सेतुराम "उगे राहा" म्हणून ओरडत, आणि मुले होकारार्थी मान हलवून पळत सुटत. "झांका" म्हटले की मान हलवत आणि माणूस मोकळा सोडत. सेतुरामांचा घसा बसला. त्यांचा श्वास माझ्या आत गरम आणि तुटक येऊ लागला. सामना संपला की ते मला पाठीमागे धरून चालत, जणू मीच हरलो होतो. अशा रीतीने आम्ही तळाला गेलो. एकच सामना उरला, तोही पापनाशमशी. जिंकलो तर वरच्या गटात राहणार, नाही तर खाली.

त्या रविवारी तुकोजींच्या दुकानासमोर बाके मांडली गेली. सेतुराम मला मांडीवर घेऊन बसले. मित्रांनो, त्यांचे हात घामाने निथळत होते. त्यांच्या हातून मी जाणार की राहणार, हे त्या बाकांवर ठरायचे होते.

सतीशकुमार उभा राहिला. हा तरुण मुलगा चेन्नईला जाऊन फुटबॉल शिकवण्याचा कोर्स करून आला होता. "सेतुराममामा मज थोर आहेत," तो म्हणाला. "पण संघ थोरपणावर चालत नाही. पोरं त्यांचं ऐकत नाहीत. मॅनेजर बदला. आणि हे परातीचं भांडंही बदला, आतां बॅटरीचे कर्णे मिळतात."

"तुझी बॅटरी उतरली की काय करशील, तंबी?" तुकोजी म्हणाले. आमच्याकडे तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

"चार्ज करीन, अण्णा. तुम्हांला चार्जर दाखवूं कां?"

"आधी घोड्यावर बसायला शीक, मग लगाम माग. सेतुरामनं आम्हांस बक्षिसाची ढाल आणून दिली आहे."

"ती ढाल आणली तेव्हां मी पाळण्यांत होतो," सतीशकुमार म्हणाला. बाकावरचे काही जण हसले. सेतुरामही हसले असते, पण रीत आड आली.

मग सतीशकुमारने फोन काढला. मागच्या सामन्याचे चित्रण त्याने केले होते. त्यात माझा आवाज स्वच्छ ऐकू येत होता: उगे राहा. बचावाचा कप्तान मणी सेतुरामांकडे बघून मान हलवतो आणि लगेच पुढे धावतो. मागची जागा मोकळी पडते आणि गोल होतो. "बघा," सतीशकुमार म्हणाला. "ऐकून न ऐकल्यासारखं. पोरांना मामा नकोत, असाच याचा अर्थ."

मणीची आई भुवना बँकेतून थेट आली होती. जेवणाची पिशवी अजून खांद्यावर होती. तिने फोन हातात घेतला आणि चित्रण पुन्हा लावले. मग आणखी एकदा.

"ही मान मज ओळखीची आहे," ती म्हणाली. "घरीं मी काहीं सांगितलं आणि त्याला कळलं नाही, कीं तो अशीच हलवतो. बरं म्हणतो आणि उलटंच करतो. मज वाटायचं आळशी आहे."

मणीला बोलावले. तो मोटरसायकलवरून आला आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून तमिळमध्ये म्हणाला, "काय झालं?"

"उगे राहा म्हणजे काय रे?" भुवनाने विचारले.

मणीने मान हलवली.

"मान नको. सांग."

 "'मागें' कळतं," तो हळू म्हणाला. "बाकी नाही. सेतुराम सारांच्या हाताकडे बघून अंदाज करतो. आम्ही सगळेच."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग विचारलं कां नाहीस?"

"सार एवढे मोठे. कसं विचारणार? आपलीच भाषा, आणि येत नाही म्हणून सांगायचं?"

मित्रांनो, बाकांवरच्या प्रत्येकाच्या घरचे पोर तमिळमध्येच उत्तर देत होते, आणि ऐकलेले सगळे त्याला कळते असे प्रत्येकाने धरून ठेवले होते. सेतुरामांनी रीत मोडली. "मी समजत होतो, पोरांना मी नकोसा झालो आहे," ते म्हणाले. "रोज घरीं जाऊन तेंच म्हणत होतो भिंतीला."

सतीशकुमार मात्र हटला नाही, आणि त्याचेही अगदी चूक नव्हते. "पोरांना कळत नाही हें मॅनेजरलाच कळायला हवं होतं," तो म्हणाला. "आतां तमिळमध्ये सांगा."

"तमिळमध्ये सांगितलं तर आपल्या पोरांच्या आधी पापनाशमची पोरं पळतील," सेतुराम म्हणाले. "मज पुढच्या रविवारपर्यंत द्या. पोरांना शिकवतो. जिंकलों नाही तर कर्णा तुझा."

असे ठरले. पैज लावून मला कोणी इकडून तिकडे देईल असे मला कधी वाटले नव्हते, पण मला विचारतो कोण?

त्या आठवड्यासारखा आठवडा मी पाहिलेला नाही. पोरे मैदानावर शब्द पाठ करत. देवनागरी कुणाला वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी ते तमिळ अक्षरांत हातावर लिहिले. आणि घरोघरी आईबाप मास्तर झाले. भुवना सांबाराच्या पातेल्याकडे बोट दाखवून "झांक" म्हणे, आणि मणी झाकण शोधायला पळे. तुकोजी दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "उगे राहा" म्हणू लागले. गिऱ्हाईक पंक्चर राहू देऊन निघून जाई. अख्खी गल्ली ते शब्द बोलत होती.

रविवारी सामना सुरू झाला. सेतुरामांनी मला ओठांना लावले आणि म्हटले, "उगे राहा." आणि मित्रांनो, मुले उभी राहिली. एका ओळीत, दगडासारखी. पापनाशमचा गडी एकटा पुढे गेला, शिट्टी वाजली. पुन्हा तेच, आणि पुन्हा. मध्यंतराच्या आधी आम्ही गोल केला. सेतुरामांचा श्वास माझ्या आत इतका मोकळा कित्येक वर्षांत आला नव्हता.

उत्तरार्धात आमच्या बाजूला बसलेल्यांना राहवेना. एवढे शब्द शिकलो, शिकवले, आणि आता गप्प कसे बसायचे? आधी तुकोजी ओरडले, "मागें." मग भुवना ओरडली, "झांका रे." तिच्यामागून सगळेच. शंभर तोंडांतून शंभर हुकूम सुटले. कोणी मागे बोलावत होते, कोणी उभे करत होते. सारे मनापासून, सारे प्रेमाने. मैदानावरची मुले गोंधळली. सेतुरामांचा शब्द कोणता, हे त्यांना कळेना. मणीने एकदा आमच्याकडे पाहिले. त्याने मान हलवली नाही. त्याने दोन्ही हात पसरले, म्हणजे काय करू?

सेतुरामांनी मला मैदानाकडून वळवून लोकांकडे धरले. "गप्प बसा," ते माझ्यातून ओरडले. "पाया पडतो तुमच्या, गप्प बसा." लोक थबकले. सेतुराम परत मैदानाकडे वळले, तेव्हा निम्मी बचावफळी मागे होती, निम्मी उभी होती, आणि चेंडू आमच्या जाळ्यात होता.

मग आम्ही धडपडलो, पण गोल काही झाला नाही. बरोबरी झाली. बरोबरी पापनाशमला पुरली आणि आम्ही खाली गेलो.

कोणी जागचे हलले नाही. सेतुराम चालत आले आणि मला सतीशकुमारच्या समोर धरले.

"असू द्या, मामा," सतीशकुमार म्हणाला. "हे आमच्यामुळे झालं. मीही ओरडत होतो."

"ऐकलं मी," सेतुराम म्हणाले. "तुझा उच्चार बरा होता, तंबी."

तुकोजी म्हणाले, परत बाके मांडू, परत ठरवू. सेतुरामांनी मान नकारार्थी हलवली. ठरले ते ठरले. त्यांनी मला सतीशकुमारच्या हातात ठेवले, धोतराला हात पुसले आणि खंदकाकाठाने घरी गेले. त्या दिवसापासून ते मैदानावर आलेले नाहीत.

आता मी सतीशकुमारकडे असतो. बॅटरीचा कर्णा त्याने आणलाच नाही. का, ते तो सांगत नाही. तो जिवाचे रान करतो. तमिळमध्ये सांगून पाहतो, तर समोरचे आधी ऐकतात. मराठीत सांगतो, तर मुले थांबतात, पण थांबवायचे नेमके कधी, ते त्याला साधत नाही. ते कोर्समध्ये शिकवत नाहीत. खालच्या गटातही आम्ही हरतो आहोत. मणी आणि मुले सराव झाल्यावर खंदकाच्या पलीकडच्या रस्त्याकडे बघत उभी राहतात.

आज दुकानासमोर पुन्हा बाके मांडली गेली. मॅनेजर बदलायचा का, यावर बोलणे सुरू आहे. सतीशकुमार मला मांडीवर घेऊन बसला आहे, रीतीप्रमाणे गप्प, आणि त्याचेही हात घामेजले आहेत. एक जण म्हणतो कुंभकोणमहून माणूस आणू, दुसरा म्हणतो तिरुचीहून. सेतुरामांचे नाव मात्र कोणी काढत नाही. ते चुकले होते म्हणून नव्हे. आपण ओरडलो, ही लाज प्रत्येकाच्या घशात अडकली आहे.

मित्रांनो, घरातले मोठे माणूस तुम्हांला काही सांगत असेल आणि ते कळले नसेल, तर मान हलवू नका. विचारा. विचारल्याने ते लहान होत नाही. न विचारल्याने एकटे पडते. आणि त्याच्या बोलण्याची वेळ असेल, तेव्हा आपले प्रेम जरा तोंडात धरून ठेवा.

आणि एक उपकार करा. राजवाड्याच्या पश्चिमेच्या गल्लीत, विहिरीशेजारच्या घरात सेतुराम दुपारी एकटेच बसलेले असतात. तुमच्यापैकी कोणीतरी जा. दार वाजवा आणि त्यांना म्हणा, सतीशकुमार बाकावर बसला आहे, पोरे वाट बघताहेत, चला. मोडकीतोडकी मराठी आली तरी चालेल. ते समजून घेतील.

मी गेलो असतो. पण मला कोणीतरी उचलावे लागते.