दोन बाळंतपणांच्या मधली ओळ

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवला की भलीभली माणसं श्वास रोखून धरतात. श्वास रोखून वजन कमी होत नाही, हे इतक्या वर्षांत मी एकालाही पटवू शकलो नाही. मी प्रसूतिगृहातला जुना वजनकाटा आहे, गोल तबकडीचा आणि लांब सुईचा. कारखान्यात एका चष्मेवाल्या कारागिराने माझ्यावर लोखंडी वजनं ठेवून, काढून, पुन्हा ठेवून माझी सुई बरोबर शून्यावर आणली. तेव्हापासून मी कुणाची भीडभाड ठेवलेली नाही.

इथल्या सिस्टर रोज सकाळी मला ओल्या फडक्याने पुसतात आणि आधी स्वतः माझ्यावर उभ्या राहतात. "अठ्ठावन्न. शाबास," म्हणतात. त्यांचं वजन वर्षानुवर्षं हललेलं नाही, म्हणून मी ठीक आहे की नाही, हे त्यांना त्यावरून कळतं. ती शाबासकी मला दिवसभर पुरते.

मध्ये एकदा चमकत्या आकड्यांचा नवा काटा आला आणि मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर फिनेलची बादली बसली. त्या दिवसांत मी फार हिरमुसलो होतो. पण नव्याचे नऊ दिवस. त्याचे सेल सारखे संपायचे. शेवटी सिस्टरनी बादली उचलली आणि मला जागेवर आणलं.

त्याच महिन्यात शिवणकाम करणाऱ्या एक ताई सासूबाईंबरोबर आल्या. त्यांची ही दुसरी खेप, नुकतेच दिवस गेलेले. पहिल्या खेपेच्या सुरुवातीला त्या बावन्न किलो होत्या. आता माझी सुई चौसष्टवर थांबली.

"ताई, चार वर्षांत बारा किलो?" सिस्टरनी जुनं कार्ड काढलं. "मध्ये कधी आलाच नाहीत?"

"पोटात बाळ नसताना इथे कशाला यायचं?" ताई म्हणाल्या. दिवसभर मशीनवर बसायचं, जगाची मापं घ्यायची आणि स्वतःचे कपडे मात्र गुपचूप उसवून सैल करायचे, असं त्यांचं चाललं होतं.

डॉक्टरबाईंनी समजावलं, "दोन बाळंतपणांच्या मध्ये वजन असं चढलं, की पुढच्या खेपेला बीपी वाढायचा धोका जास्त. वाढेलच असं नाही. पण एकही तपासणी चुकवू नका."

आठव्या महिन्यात एकाच आठवड्यात माझी सुई अडीच किलो पुढे गेली.

"बाळ अंग धरतंय, चांगलंच आहे की," सासूबाई खूश झाल्या.

"नाही हो, काटाच बिघडला असेल. बादलीखाली होता ना इतके दिवस," ताई पिशवी उचलत म्हणाल्या. "कपडे द्यायचेत लोकांचे. पुढच्या आठवड्यात बघू."

खरंच माझी स्प्रिंग ढिली पडली असेल तर? आणि नसेल, तर या बाईंना घरी कसं जाऊ द्यायचं? सिस्टरनी चपला काढल्या आणि माझ्यावर उभ्या राहिल्या. मी सगळा जीव सुईत आणला.

अठ्ठावन्न.

"काटा ठीक आहे, ताई. तुमचा टेप कधी खोटं बोलतो का? बसा, बीपी बघू."

बीपी एकशे साठच्या वर होतं. तेव्हा कुठे ताईंनी सांगितलं, की दोन दिवस डोकं ठणकतंय आणि बोटातली अंगठी निघत नाही. आठवड्यात वाढलेलं ते वजन बाळाचं नव्हतं, अंगात साठलेलं पाणी होतं. त्यांना तिथूनच दाखल केलं. लोकांचे कपडे राहिले. बाळ चार आठवडे आधीच आलं, इवलंसं, पण आवाज खणखणीत. मायलेकी सुखरूप घरी गेल्या. आठवडाभर उशीर झाला असता तर दोघींच्या जिवाशी गाठ होती, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. काट्याला छाती नसते, नाहीतर त्या दिवशी माझी नक्की फुगली असती.

वर्षभराने ताई पुन्हा दारात उभ्या. या वेळी एकट्या, लेकीला कडेवर घेऊन.

सिस्टरनी डोळे मिचकावले. "काय, गोड बातमी?"

"नाही, म्हणूनच आले," ताई म्हणाल्या. त्यांनी लेकीला सिस्टरच्या हातात दिलं, चपला काढल्या आणि माझ्यावर उभ्या राहिल्या. श्वास रोखला नाही. सुई एकसष्टवर थांबली. सिस्टरनी कार्डावर दुसऱ्या बाळंतपणाखाली एक नवी ओळ आखली आणि आकडा लिहिला.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझ्यावर बादल्या ठेवू नका, एवढं तर मी मागणारच. पण आज घरी गेल्यावर आईलाही विचारा, ती काट्यावर शेवटची कधी उभी राहिली होती. "तू पोटात होतास तेव्हा," असं म्हणाली, तर तिला माझ्याकडे घेऊन या.